गावातला जुना वाडा सावरताना: आधी पाणी, मग लाकूड, शेवटी भिंत

विदर्भातल्या खेड्यांतले वाडे पडतात ते बहुतेक पाण्यामुळे. उधई (वाळवी), लोणा (भिंतीवर फुटणारा क्षार), फुगलेली भिंत, खचलेला खांब यांतल्या कशाच्याही मुळाशी गेलं की कुठून तरी मुरणारं पाणी सापडतं. म्हणून कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी पाणी बाहेर काढायचं, मग छत, मग लाकूड, मग भिंत आणि सगळ्यात शेवटी गिलावा नि रंग. प्रत्यक्षात उलटंच होतं. घरात लग्न निघतं, सिमेंटची पोती येतात, दर्शनी भिंत गुळगुळीत होते, आणि काही पावसाळ्यांत तीच भिंत पोट काढते. वाडा वाचवायचा असेल तर हा क्रम मोडू नका.

कामाला हात लावण्याआधी दोन कागद नीट करा. एक, ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरपट्टीचा उतारा) कुणाकुणाच्या नावावर आहे ते पाहा आणि सगळ्या वारसांची लेखी संमती घ्या. अर्धवट थांबलेली दुरुस्ती ही न केलेल्या दुरुस्तीपेक्षा वाईट, कारण उघडं पडलेलं माळवद (मातीचं सपाट छत) एका पावसाळ्यात खाली येतं. दुसरा, वाड्याचा नकाशा. मोजपट्टीने प्रत्येक खोली मोजा, खांबांना नंबर द्या आणि चारही बाजूंचे फोटो काढून ठेवा. वाडा राज्य संरक्षित स्मारक असेल तर १९६० चा महाराष्ट्राचा स्मारक कायदा लागू होतो आणि पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय काही करता येत नाही. खेड्यातले बहुतेक वाडे मात्र खाजगी आहेत, त्यांची जबाबदारी घरच्यांचीच.

वाडा कशावर उभा आहे

पूर्वेकडे नागपूर, भंडारा, चंद्रपूर भागात मालगुजारांचे (गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांचे) वाडे, पश्चिमेकडे वऱ्हाडात देशमुख-पाटलांचे. मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली आणि बऱ्याच घरांचं डागडुजीचं उत्पन्नही तिच्याबरोबर गेलं. बांधणी दोन्हीकडे सारख्याच विचाराची: खाली घडीव दगडाचं जोतं, त्यावर दगडी तळखडे, तळखड्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या (बारीक आडवी लाकडं). मधल्या भिंती पांढऱ्या मातीच्या किंवा विटांच्या. अशा वाड्यात छताचं बरंचसं ओझं सांगाडा पेलतो आणि मधली भिंत फक्त आडोशाची असते. बाहेरच्या जाड भिंतीचं तसं नसतं. तुळईचं टोक भिंतीत शिरतंय आणि त्याखाली खांब नाही, तर ती भिंत ओझं घेते आहे. गिलाव्यात दर काही फुटांवर उभी, सरळ रेघ दिसत असेल तर आत खांब गाडलेला आहे असं समजा आणि हातोडीने ठोकून खात्री करा. कुठलीही भिंत पाडण्याआधी किंवा नवं दार फोडण्याआधी ही पाहणी करायलाच हवी.

जमिनीखाली काय आहे तेही बघा. जुन्या वाड्यांत धान्याचं पेव ओसरीत किंवा चौकात असतं, आणि पुढच्या पिढ्यांना ते माहीतही नसतं. जमीन पहारीच्या दांड्याने ठोकली की पोकळ आवाज येतो. पेव सापडलं तर कुणालाही लगेच आत उतरू देऊ नका. बंद पेवात प्राणवायू नसतो, आणि आत गेलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. त्याला काढायला उतरलेलाही तिथेच पडतो. तोंड उघडून पेव मोकळं ठेवा आणि वरूनच मुरूम टाका. सहा-सहा इंचांचा थर, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून लांब दांड्याच्या धुमसाने ठोकणं. एकदम भरलेलं पेव दोन वर्षांत खचतं आणि वरची फरशी घेऊन जातं.

पाहणी पावसात करा

उन्हाळ्यात वाडा ठणठणीत दिसतो. खरी पाहणी आषाढ-श्रावणात, झड लागलेली असताना. टॉर्च, खडू, ओळंबा, मोजपट्टी आणि एक लांब स्क्रूड्रायव्हर घ्या. जिथे ओल दिसेल तिथे तिच्या कडेने खडूची रेघ ओढा आणि तारीख लिहा. वरून खाली आलेली ओल छताची असते. जोत्यापासून वर दोन-तीन फुटांपर्यंत सरळ पट्ट्यात चढलेली ओल जमिनीची. मध्येच गोल डाग असेल तर तुळईचं टोक, खिडकीची उंबरठी किंवा कुलर तपासा. कुलर खरोखर तपासा. मार्चपासून जूनपर्यंत खिडकीला लावलेला कुलर ठिबकत राहतो आणि मातीच्या भिंतीला अख्खा उन्हाळा पावसाळ्यासारखा जातो. कुलर भिंतीपासून सुटा, स्वतःच्या स्टँडवर ठेवा आणि त्याचं पाणी नळीने दूर सोडा.

भेगा मोजायच्या त्या एकदाच नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खूण करून अंतर लिहा, आणि मे, ऑगस्ट, डिसेंबर असं तीनदा मोजा. मे महिन्यात उघडणारी आणि पावसाळ्यात मिटणारी भेग काळ्या मातीची आहे. ही माती वाळली की आकसते, भिजली की फुगते आणि पायालाही बरोबर हलवते. अशी भेग सिमेंटने बुजवली तर शेजारी दुसरी पडते. ती चुन्यानेच भरायची आणि पायाजवळचा ओलावा वर्षभर एकसारखा राहील हे पाहायचं. वर्षभर एकाच दिशेने वाढत जाणारी भेग वेगळी, तिथे पाया खचतोय.

ओळंबा भिंतीच्या वरच्या कडेपासून सोडा. भिंत तिच्या जाडीच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त बाहेर झुकली असेल, म्हणजे दोन फुटी भिंत चार इंचांहून जास्त, तर आधी टेकू द्या आणि अभियंत्याला बोलवा. पुढचं काम त्यानंतर.

पाण्याची वाट

आजकाल सगळ्यात जास्त नुकसान करणारी गोष्ट म्हणजे वाड्यासमोर उंच झालेला सिमेंटचा रस्ता. जुन्या रस्त्यावर नवा थर, त्यावर आणखी एक, आणि एक दिवस रस्ता जोत्याच्या बरोबरीला येतो. मग रस्त्यावरचं पाणी पायात जातं. रस्त्याच्या कडेने उघडी नाली मिळाली तर उत्तम. ग्रामपंचायतीकडे तसा अर्ज द्या, पण त्याची वाट पाहत बसू नका.

भिंतीला लागून साचलेली माती, राखेचे ढीग, जुन्या विटा, लाकडांचे भारे सगळं हटवा. बाहेरची जमीन जोत्याच्या वरच्या कडेपेक्षा निदान सहा इंच खाली हवी. मग भिंतीलगत तीन फूट रुंद पट्टा मुरुमाने ठोकून घ्या आणि त्याला चार फुटांना एक इंच या हिशेबाने बाहेरच्या बाजूला उतार द्या. वर फरशी बसवायची तर दर्जा (फरश्यांमधल्या फटी) चुन्यात भरा. नाली या पट्ट्याच्या पलीकडे काढा. भिंतीला चिकटून खोल चर खणणं धोक्याचं आहे, पायाच्या तळापेक्षा खोल तर अजिबात नको. काळ्या मातीत अशा चराने पाया सुटतो.

चौकाची मोरी उघडून काठीने तिचं दुसरं तोंड शोधा. शंभर वर्षांपूर्वी बांधलेली दगडी मोरी गाळ काढल्यावर बहुधा चालू होते. न्हाणी आणि संडास जुन्या भिंतीला टेकून बांधू नका. सांदवाडीत (घरामागच्या अंगणात) सुटे बांधा. भिंतीतून उगवलेला पिंपळ उपटू नका, तो दगड घेऊन येतो. बुंधा कापून मूळ मारा आणि पोकळी चुन्याने भरा.

छत

कवेलूचं छत दर उन्हाळ्यात फेरावं लागतं, म्हणजे कवेलू उतरवून पुन्हा लावावे लागतात. अक्षय्य तृतीयेनंतर सुरू करा आणि मृगाआधी संपवा. फेरताना वरून चालायचं ते कवेलूच्या मधोमध नाही, खालच्या कडेवर, जिथे तिला बत्त्याचा (आडव्या लाकडी पट्टीचा) आधार आहे तिथे. शिडी आडवी टाकून तिच्यावरून चाललं तर आणखी चांगलं. मंगलोरी कौलं शंभर चौरस फुटांना दीडशेच्या आसपास लागतात, त्यात फुटणारी कौलंही धरलेली आहेत. बत्त्यांचं अंतर पुस्तकातून घेऊ नका. स्वतःच्या दोन कौलांची एकमेकांवर जुळणी करून मोजा, कारण प्रत्येक भट्टीचा साचा वेगळा. देशी नळीच्या कवेलूंना उतार थोडा जास्त लागतो. उतार कमी पडला की पाणी उलटं चढतं आणि मिस्त्री मात्र कवेलूला दोष देतो.

कवेलू जाऊन टिनं आली त्याचं मोठं कारण वानरं. टोळी छतावरून गेली की चाळीस-पन्नास कवेलू फुटतात. छतावर आलेल्या फांद्या छाटा, पाख्याच्या कडा आणि आढं चुन्यात बसवा, आणि मंगलोरी कौलाला खाली असलेल्या भोकातून जस्ती तार ओवून ते बत्त्याला बांधा. निदान कडेच्या दोन ओळी आणि मधली दर तिसरी ओळ. ज्यांना टिनांशिवाय पर्यायच नाही त्यांनी टिनं खाली आणि कवेलू वर ठेवावं, मध्ये एक इंचाच्या पट्ट्या देऊन हवा खेळती ठेवावी. नुसत्या टिनाखाली मे महिन्यात बसवत नाही.

वऱ्हाडातल्या धाब्याच्या, म्हणजे माळवदाच्या वाड्यांचं दुखणं उलट आहे. तिथे गळती लागली की वर आणखी एक थर मातीचा टाकतात. हिशेब करून पाहा: दहा बाय पंधरा फुटांच्या खोलीवर एक इंच माती म्हणजे साडेपाचशे ते सहाशे किलो, तीही कोरडी. फूटभर जाडीचं माळवद त्या एका खोलीवर सात टनांच्या घरात जातं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत बांधलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदं यांनीच माणसं गाडली. त्यामुळे माळवदाची दुरुस्ती म्हणजे वजन उतरवणं. पाण्याची टाकी वर ठेवू नका. हजार लिटरची टाकी भरली की एक टन.

माती पट्ट्यापट्ट्याने, दोन्ही बाजूंनी सारखी काढा. काढलेली माती छतावरच ढीग करून ठेवली तर तुळई मोडते. आतल्या कड्या आणि किलचा (कड्यांवरच्या बारीक फळ्या) तपासून कुजलेल्या बदला. मग किलच्यावर बांबूचा तट्टा, त्यावर कुटार (भुसा) किंवा तणस (भाताचा पेंढा) मिसळलेल्या पांढऱ्या मातीचा तीन-चार इंचांचा थर, आणि सगळ्यात वर विटांचे तुकडे नि चुना यांचा तीन इंची कोबा, थापीने ठोकून ठोकून. उतार चार फुटांना एक इंच. कोबा दोन आठवडे ओल्या पोत्यांखाली ठेवायचा. कोबा परवडत नसेल तर पूर्वीप्रमाणे वरून दोन बोटं खारी माती. खारपाणपट्ट्यातली, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागातली ही माती पाण्याने भिजली की तिचे बारीक कण सुटून छिद्रं बुजवतात, म्हणून ती पाणी खाली जाऊ देत नाही. पण दरवर्षी नवी टाकण्याआधी जुनी खरवडून काढायची, नाहीतर वजन वाढत जाणार.

लाकूड

जुन्या वाड्यातला साग मेळघाटातून किंवा आलापल्लीच्या बाजूने आलेला असो, त्याच्या गाभ्याला उधई सहसा लागत नाही. ती खाते ते कडेचं पांढरट लाकूड आणि ओलीत कुजलेली टोकं. म्हणून तीन जागा तपासा: खांबाचा बुडखा, भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक आणि दाराच्या चौकटीचा तळ. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. पाव इंचाहून कमी आत गेला तर वरचा थर फक्त मळलेला आहे, तासून तेल द्या. इंचभर किंवा जास्त गेला तर तो भाग बदलावा लागेल.

बुडखा कुजला म्हणून अख्खा खांब बदलू नका. खांबाच्या दोन्ही बाजूंना फुटा-दीड फुटावर लोखंडी जॅक लावा, वर जाड फळी द्या आणि तुळई दोन-तीन मिलिमीटर उचलली जाईल इतपतच कसा. त्याहून जास्त उचललं की वरच्या भिंतीला तडा जातो. मग कुजलेला भाग कापून जुन्याच सागाचा तुकडा तिरप्या सांध्याने जोडा. सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या निदान तिप्पट, म्हणजे सहा इंची खांबाला दीड फूट, आणि त्यात १२ मिलिमीटरचे किमान दोन बोल्ट. ओलं नवं लाकूड वापरलं तर ते आकसून सांधा सैल पडतो. पडलेल्या वाड्यांचा साग तालुक्याच्या वखारीत मिळतो, तोच घ्या. एका वेळी एकच खांब.

खांब परत तळखड्यावरच बसला पाहिजे. तळखडा फरशीच्या वर निदान चार इंच उघडा हवा. नवी टाइल घालताना जमीन उंच होते, तळखडा बुडतो, आणि पोछ्याचं पाणी रोज लाकडात मुरतं. खांबाभोवती सिमेंटची कडी ओतणं तर सगळ्यात वाईट. तुळईच्या टोकाभोवती भिंतीत एक इंच मोकळी जागा ठेवा. ते टोक श्वास घेत राहिलं तरच टिकतं.

उधईचे मातीचे बोगदे दिसले तर नुसते पुसू नका. ते कुठून सुरू होतात ते शोधा, तिथे ओल असतेच. आधी ओल बंद करा. मग भिंत नि जमिनीच्या सांध्यावर फूटभर अंतराने १२ मिलिमीटरची भोकं पाडून उधईचं औषध सोडा, प्रमाण डब्यावर लिहिलेलं तेवढंच. चौकातल्या किंवा शेजारच्या विहिरीजवळ औषध वापरू नका.

लाकडाला ऑइल पेंट नको. त्याने आतला ओलावा कोंडतो. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. ओला करून खरवडा आणि लहान मुलांना दूर ठेवा. त्यानंतर उकळलेलं जवसाचं तेल लावा. पहिला हात तेल नि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं, पुढचे दोन हात नुसत्या तेलाचे, दर हातामध्ये दोन-तीन दिवस. हात दिल्यावर अर्ध्या तासाने जास्तीचं तेल पुसून घ्या, नाहीतर चिकट थर राहून त्यावर धूळ बसते. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात असा बोळा आपोआप पेटतो. फडकी मोकळ्या हवेत पसरून वाळवा.

भिंत आणि गिलावा

भिंतीने पोट काढलं असेल तर ती झुकण्यापेक्षा वेगळी गोष्ट आहे. जाड भिंतीला दोन तोंडं असतात आणि मध्ये खडी-मातीचा भराव. पाणी भरावात गेलं की तो फुगतो आणि तोंडं सुटतात. वरून सिमेंट मारून हे थांबत नाही. तेवढा भाग तीन-तीन फुटांच्या टप्प्यांत उतरवून पुन्हा बांधा, आणि आरपार जाणारे लांब दगड घाला: उंचीत दर दोन फुटांवर, लांबीत दर चार फुटांवर. जुन्या भिंतीत हेच दगड कमी पडलेले असतात.

सिमेंटचा गिलावा माती नि चुन्याच्या भिंतीला का चालत नाही, याचं कारण सरळ आहे. जमिनीतून चढलेली ओल पूर्वी भिंतीच्या तोंडातून वाळून जायची. सिमेंटने ती वाट बंद होते, ओल आणखी वर चढते, आतली माती मऊ पडते आणि क्षार गिलाव्यामागे साचून त्याला ढकलतात. असा गिलावा काढायचा तर छिन्नी-हातोडीने, यंत्राने नाही. खालचे तीन फूट आधी उघडे करा आणि एक पूर्ण उन्हाळा भिंत तशीच वाळू द्या. ही घाई न केलेलीच बरी.

मातीच्या भिंतीला मातीचाच गिलावा. माती तपासायला बाटलीत तिसरा हिस्सा माती घाला, पाणी नि चिमूटभर मीठ टाकून हलवा. रेती मिनिटभरात बसते, चिकणमाती वर राहून दुसऱ्या दिवशी बसते. चिकणमाती पाचव्या हिश्श्याच्या आसपास हवी. मग रेती वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून भिंतीवर फूटभर चौकोनाचे तीन नमुने लावा: एकास एक, एकास दोन, एकास तीन. वाळल्यावर जो तडकत नाही आणि बोटाने भुरभुरत नाही, ते तुमचं प्रमाण. त्यात कुटार किंवा बारीक तणस घालून आठवडाभर भिजवा आणि रोज तुडवा.

विटांच्या भिंतीला चुना. यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळच्या राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत, तिथून कळीचा (न विझवलेला) चुना मिळतो. विझवायला लोखंडी ड्रम घ्या, प्लास्टिक वितळतं. आधी पाणी, मग त्यात थोडे थोडे खडे, कधीही उलटं नाही. एक भाग चुन्याला तीन भाग पाणी. तो उकळतो आणि उडतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे. डोळ्यात गेलाच तर पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. विझलेला चुना गाळून दोन बोटं पाण्याखाली निदान पंधरा दिवस ठेवा, दोन-तीन महिने ठेवला तर फारच चांगला. खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी वापरू नका, त्याचा क्षार गिलाव्यातून लोणा होऊन बाहेर येतो. पावसाचं किंवा गोड्या विहिरीचं पाणी आणा.

प्रमाण: चुना १, धुतलेली रेती २, सुरखी (विटांची भुकटी) १. सुरखी कमी भाजलेल्या विटांची हवी, खंगरांची (जास्त भाजून काळ्या झालेल्यांची) नाही, कारण कमी भाजलेलीच चुन्याशी धरते. घाणी (चुना मळायचा दगडी घाणा) नसेल तर मिक्सरमध्ये अर्धा तास तरी मळा. पाणी वाढवून मऊ केलेला माल वाळताना तडकतो, मळून मऊ झालेला तडकत नाही. शंभर चौरस फुटांना पाऊण इंच जाडीसाठी सव्वासहा घनफूट ओला माल लागतो, खडबडीत भिंत धरून आठ तयार ठेवा. भिंतीचे दर्जे अर्धा इंच खरवडा, आदल्या संध्याकाळी भिजवा, आणि पहिला हात अर्ध्या इंचाहून जाड देऊ नका. दुसरा हात आठ-दहा दिवसांनी. पहिला हात दुसरा देईपर्यंत आणि दुसरा हात दोन आठवडे ओल्या बारदान्याने झाकून ठेवायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्यासाठी त्यात ओलावा लागतो. म्हणून हे काम दिवाळी ते होळी याच काळात करा. एप्रिल-मेच्या ४५ अंशांत गिलावा दोन तासांत वाळतो आणि हात फिरवला की पीठ होऊन पडतो. त्यात मिस्त्रीचा काही दोष नसतो.

रंग म्हणून चुन्याचीच सफेदी, दुधासारखी पातळ, तीन-चार हात, रोज एक. घट्ट केलेला एकच हात पापुद्रे होऊन सुटतो. नीळ टाकायची तर शेवटच्या हातात, कपड्यातून गाळून. सफेदी दर दोन वर्षांनी द्या आणि प्रत्येक वेळी आधी नारळाच्या झाडूने सुटं झालेलं झाडून घ्या. दरवर्षी मृगाच्या आठवडाभर आधी नाली, चौकाची मोरी आणि छताचे पन्हाळे साफ करा, आणि पहिला मोठा पाऊस झाला की टॉर्च घेऊन खडूच्या जुन्या रेघा पुन्हा तपासा.